तुलनेची वाडी

मला हेवा वाटत होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी पाण्याबद्दल कितीही शहाणपणाचं बोललो तरी त्यामागचं खरं कारण लपून राहणार नाही. सख्ख्या धाकट्या भावाचा हेवा. तोही थोडाथोडका नाही. सकाळी दात घासताना सुरू व्हायचा आणि जेवताना आमटीत मीठ कमी म्हणून बायकोवर खेकसेपर्यंत टिकायचा.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. राजोडीच्या बाजूला, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आमची वाडी. वडील गेले तेव्हा वाडीचे दोन भाग झाले, मधे जास्वंदीचं कुंपण आलं, पण विहीर एकच राहिली. तिचे भाग कसे पाडणार? वडिलांनीच पद्धत घालून दिली होती. एक दिवस थोरल्याची पाळी, एक दिवस धाकट्याची. ज्याची पाळी त्यानं मोटर लावायची. दुसऱ्यानं त्या दिवशी प्यायला हव्या तेवढ्या कळश्या भराव्यात, पण झाडाला थेंब घालू नये. आमच्या अख्ख्या आळीत असाच रिवाज होता आणि पाळी मोडणाऱ्याशी लोक वर्षभर बोलत नसत.

मी सातवीनंतर शाळा सोडली आणि वडिलांबरोबर वाडीत उतरलो. धाकटा शिकला, बी.कॉम. झाला, बारा वर्षं मुंबईत एका कंपनीत पत्रव्यवहार बघत होता. इंग्रजी त्याच्या तोंडात इतकं बसलेलं की तो फोनवर बोलायला लागला की आमची म्हातारी शेजारीण हातातलं काम टाकून ऐकत उभी राहायची. तोवर मला त्याचा अभिमान होता बरं का. लोकांना मीच कौतुकानं सांगायचो. मग एक दिवस तो नोकरी सोडून घरी आला आणि म्हणाला, "दादा, मी आता वाडीच करणार." त्याच्या वाट्याची केळी तोपर्यंत मीच बघत होतो. मी म्हटलं, कर बाबा. मनात म्हटलं, चार महिन्यांत कंटाळून परत जाईल. नाही गेला.

विहिरीचं दुखणं तेव्हाच सुरू झालं होतं. मार्च उजाडला की पाणी मचूळ लागायचं. मे महिन्यात केळीच्या पानांच्या कडा करपायच्या. कारण सगळ्यांना माहीत होतं, बोलत कोणी नव्हतं. पूर्वी रहाट होता तोवर बैल दमले की उपसा थांबायचा. मोटर दमत नाही. त्यात स्टेशनच्या बाजूला इमारती उठत होत्या, त्यांना टँकर लागत होते, आणि ते टँकर आमच्याकडच्या वाड्यांतच भरत होते. गोडं पाणी वरून उपसलं की खालून समुद्र आत सरकतो. आळीतले एक म्हातारे मात्र कोणी विषय काढला की म्हणायचे, "पान्याला काय झालंय? पावसात भरंल परत." भरायचं खरं. पण मचूळपणा दर वर्षी थोडा आधी यायचा आणि थोडा उशिरा जायचा.

अशात एका उन्हाळ्यात कृषी विद्यापीठाचे एक प्राध्यापक दोन परदेशी पाहुण्यांना घेऊन आले. एक उंच गृहस्थ, जे पुन्हा कधी आले नाहीत, आणि एक बाई. पन्नाशीच्या, उन्हानं तांबूस झालेल्या, डोक्याला सुती रुमाल बांधलेल्या. त्यांचा देश वाळवंटातला. तिथं पाऊस नावालाच, तरी ते लोक फळं पिकवतात आणि बाहेरदेशी पाठवतात. त्यांच्याकडची एक संशोधन संस्था आणि आपलं विद्यापीठ मिळून, समुद्राकाठच्या गावांत कमी पाण्यावर बागायत कशी करता येईल, याचा दोन वर्षं अभ्यास करणार होते. त्यांना एका विहिरीवरच्या दोन सारख्या वाड्या हव्या होत्या. माती एक, पाणी एक, पीक एक. आमच्यासारखं ठिकाण शोधून सापडलं नसतं.

मी खूश झालो. घडीचा सदरा काढला, बायकोला शहाळी फोडून ठेवायला सांगितलं. पाहुण्या बाई विहिरीच्या काठावर उकिडव्या बसल्या, ओंजळीत पाणी घेऊन चाखलं आणि आपल्या भाषेत काहीतरी बोलल्या. मला वाटलं, ही बाई पाण्यातली जाणकार आहे. हिला मी सगळं दाखवीन.

मग प्राध्यापकांनी समजावून सांगितलं. "एका वाडीत ठिबक बसवायचं. प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी नळी, थेंब थेंब पाणी. दुसरी वाडी तुलनेसाठी."

"तुलनेसाठी म्हणजे काय करायचं?"

"काहीच नाही. तुम्ही पाटानं देता तसंच पाणी देत राहा. काही बदलायचं नाही. नवीन काही करायचं नाही. दोन्ही मोटरींवर आम्ही मीटर बसवू, म्हणजे कोणाला किती पाणी लागलं ते कळेल."

आणि ठिबक कोणाकडे, हे विचारायची वेळच आली नाही. बाई आणि धाकटा एव्हाना कुंपणापलीकडे बोलत उभे होते. त्यांना इंग्रजी कळणारा माणूस नळ्यांच्या बाजूला हवा होता.

आता बघा. वीस-बावीस वर्षं पाटातल्या चिखलात उभा राहून पायाची बोटं कुजवलेला माणूस मी. केळीभोवतीच्या कुठल्या आळ्याला किती पाणी मुरतं ते मला आवाजावरून कळायचं. आणि ज्याला परवापर्यंत केळीचा कोंब कुठून फुटतो ते ठाऊक नव्हतं त्याच्याकडे नळ्या, पाहुणे, अभ्यास. माझ्याकडे काम काय आलं? मागासलेलं राहणं. तेही दोन देशांनी मिळून नेमून दिलेलं.

त्या संध्याकाळी धाकटा विहिरीवर येऊन बसला. त्याच्या बोलण्यात ते नेहमीचं रुबाबदार काही नव्हतं. म्हणाला, "दादा, प्राध्यापकांनी एक गोष्ट सांगितली. या दोन वर्षांत दोन वाड्यांच्या पाण्यात मोठा फरक दिसला, तर पुढच्या टप्प्यात आपल्या अख्ख्या आळीला नळ्या मिळणार. सगळ्या वाड्यांना. उपसा निम्म्यावर आला तर विहिरी वाचतील. नाही दिसला फरक, तर हे लोक दुसरीकडे जातील, परत यायचे नाहीत."

"मग दिसेल की फरक," मी म्हटलं. "तुझ्याकडे एवढी यंत्रं आहेत."

"तसं नाही रे. माझं सगळं यावरच आहे. विहीर खारी झाली तर मी कुठे जाणार? कंपनी काय मला परत घेणार आहे?"

मी हो म्हटलं. मान हलवली. तेव्हा तरी माझ्या मनात वाईट काही नव्हतं, असं मी अजून स्वतःला सांगतो.

नळ्या आल्या, त्या पावसाळ्यानंतर. काळ्याभोर, गुळगुळीत, आळीतल्या पोराटोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे बघायला लोटले. प्राध्यापकांनी नारळ फोडला. कोणीतरी धाकट्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. माझ्या मोटरीवर एक पितळी मीटर बसवला, त्याला हळदकुंकूसुद्धा लावलं नाही कोणी. एका साप्ताहिकात धाकट्याचा फोटो आला, नळी हातात धरून. खाली 'प्रगतिशील शेतकरी' असं छापलेलं. फोटोच्या कडेला माझ्या केळीची दोन पानं दिसत होती. बायकोनं ते कात्रण आणून दाखवलं आणि म्हणाली, "बघा, तुमचंपण आलंय."

दर दुसऱ्या गुरुवारी प्राध्यापक यायचे. आधी पलीकडे जायचे. तिथं तास-दीड तास. माती खोदून बघायचे, पानं मोजायचे, धाकटा शेजारी उभा राहून वहीत लिहायचा. मग कुंपणातल्या फटीतून माझ्याकडे यायचे, मीटरचा आकडा टिपायचे आणि विचारायचे, "सगळं नेहमीसारखं ना?" मी म्हणायचो, नेहमीसारखंच. पाच मिनिटं. चहासुद्धा तिकडेच पिऊन आलेले असायचे.

लोक धाकट्याला विचारायला यायचे. याचं मला सगळ्यात जास्त लागायचं. जी माणसं केळीवर कीड पडली की माझ्याकडे धावत यायची ती आता माझ्या दारावरून पुढे जायची. धाकटा त्यांना समजावून सांगायचा आणि सांगताना हात पाठीमागे बांधायचा, प्राध्यापकांसारखे. ते हात बघितले की मी कुंपणाकडे पाठ करून पुन्हा पाटात उतरायचो.

एकदा त्याच्या नळ्या तुंबल्या. विहिरीतलं शेवाळ बारीक भोकांत अडकलं होतं. दोन दिवस तो आणि त्याची बायको गुडघे टेकून एकेक भोक सुईनं मोकळं करत होते. मी कुंपणाशी उभा राहून बघत होतो आणि मला बरं वाटत होतं. लपवत नाही. तिसऱ्या दिवशी पाण्याला गाळणी कशी बांधायची ते मीच त्याला दाखवलं, जुन्या धोतराचं तिपदरी फडकं लावून. तो म्हणाला, "दादा, तू ग्रेट आहेस." पुढच्या गुरुवारी ते फडकं बघून प्राध्यापकांनी त्याची पाठ थोपटली. तो सांगत होता, दादानं केलं म्हणून, मी ऐकलं. पण पाठ त्याचीच थोपटली गेली.

पाहुण्या बाई पहिल्या वर्षाच्या शेवटी आल्या तेव्हा माझ्या बाजूलाही आल्या. माझी पाळी होती. मी पाटात उभा राहून पायानं चिखल सारून एका आळ्याचं तोंड बंद करत होतो, दुसऱ्याचं उघडत होतो. त्यांनी माझ्या पायाचे फोटो काढले. एक नाही, सात-आठ. मला वाटलं, घरी जाऊन दाखवणार, बघा हे लोक अजून पायानं पाणी वळवतात. मी पाय चिखलात खुपसले ते त्या जाईपर्यंत बाहेर काढले नाहीत.

घरी येऊन मी भांडं आपटलं. बायको शेंगा सोलत होती. म्हणाली, "तुमचं नेमकं कुठं जळतंय ते सांगा, म्हणजे पाणी कुठं टाकायचं ते मला कळेल."

"माझं काही जळत नाही."

"मग भावजींचा फोटो आलेला तो कागद चुलीत कोणी घातला?"

मी बाहेर निघालो आणि चालत राजोडीच्या किनाऱ्यावर गेलो.

तिथं तेव्हा शनिवार-रविवारी पाहुणे यायला सुरुवात झाली होती. शहाळीवाल्यांच्या गाड्यांमागे रिकाम्या शहाळ्यांचा ढीग पडलेला असायचा. मी त्या ढिगाकडे बघत उभा राहिलो आणि एकदम आठवलं. वडील नारळाचं रोप लावताना खड्ड्यात आधी सोडणं भरायचे. सोडण म्हणजे नारळाचं वरचं जाड साल. ते पाणी धरून ठेवतं, आठ-आठ दिवस ओलं राहतं. माडाखाली आम्ही सगळेच घालतो. केळीखाली कोणी घालत नाही, कारण केळीला पाणी देतोच की एक दिवसाआड, गरज काय?

मी मनात हिशेब मांडला. प्रत्येक केळीभोवती गोल चर खणायचा. त्यात सोडणं, काथ्याची बाजू वर करून, दाबून बसवायची. त्यावर शेणखत, त्यावर केळीच्याच सुकल्या पानांचा वीतभर थर. मग एक दिवसाआड कशाला, दर तिसऱ्या पाळीला, म्हणजे सहाव्या दिवशी, पाणी दिलं तरी चालेल. तेही पहाटे, ऊन चढायच्या आत. मीटर कमी फिरेल. नळ्या नाहीत, परदेश नाही, इंग्रजी नाही, आणि आकडा धाकट्याच्या बरोबरीनं. मग बघू कोणाची पाठ थोपटतात.

नवीन काही करायचं नाही असं सांगितलेलं होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. फरक दिसला नाही तर काय होणार हेही ठाऊक होतं. पण मी स्वतःला समजावलं, मी काय कोणाचं पाणी चोरतोय? उलट वाचवतोय. पाणी वाचवायलाच आलेत ना हे लोक? अशी पक्की समजूत घातली स्वतःची, वकिलाला जमणार नाही अशी.

दोन आठवडे मी हातगाडीनं सोडणं आणत होतो. धाकट्यानं कुंपणावरून विचारलं, "दादा, एवढी कशाला रे?"

"बंबात घालायला."

त्यानं आधी रचलेल्या ढिगाकडे पाहिलं, माझ्या हातातल्या भरल्या गाडीकडे पाहिलं. एवढ्या सोडणांवर अख्ख्या आळीची आंघोळ तापली असती. "बरं," म्हणाला.

बायको मात्र सरळ बोलली. "भावजींनी नोकरी सोडलीय यापायी. उद्या त्यांचं काही बिघडलं तर मला त्या दोघांना तोंड दाखवायचंय."

"त्याचं काय बिघडतंय? त्याची केळी उभीच आहे."

"तुम्हाला कळतंय मी काय म्हणते ते."

कळत होतं. मी चर खणत राहिलो. कमरेत उसण भरली, तरी खणत राहिलो. आणि एक सांगतो, त्या महिन्यात मी जसं काम केलं तसं आधी कधी केलं नव्हतं. सोडणं उलटी ठेवली तर पाणी लवकर सुटतं, तिरपी ठेवली तर मुळं आत शिरतात, हे मी करून करून शिकलो. चार झाडं वाया गेली. पाणी फार दिलं तर सोडण कुजतं आणि बुंध्याला बुरशी येते, म्हणून मी चराला समुद्राच्या बाजूनं उतार दिला. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. वडिलांनीही नाही. डोक्यात दिवसभर तेवढंच असायचं आणि त्यामागे सतत धाकट्याचे पाठीमागे बांधलेले हात.

दुसऱ्या वर्षी माझा मीटर मंदावला. पहिले दोन-तीन गुरुवार प्राध्यापकांनी नुसता आकडा टिपला. मग एकदा वाकून काच पुसली. मग मीटर बिघडलाय म्हणून नवीन आणून बसवला. तोही तेवढाच फिरला. "वीज जाते का हो तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं. एकाच खांबावरून आम्हा दोघांना वीज होती. मी म्हटलं, जाते कधीकधी. वाळल्या पानांचा थर त्यांना दिसायचा, पण वाड्यांत तो थोडाफार असतोच. खालचं कोणी उकरून बघितलं नाही. माझ्या बाजूला खोदायचं त्यांच्या अभ्यासात नव्हतंच.

धाकटा वाळत चालला होता. संध्याकाळी तो दोन्ही मीटर बघायचा, वही उघडायचा, मिटायचा. माझी पाळी असे त्या दिवशी मोटरीचा आवाज येत नाही, हे त्याला कळत नसेल? तीनातल्या दोन पाळ्या मी सोडून देत होतो. विहिरीचं पाणी त्या उन्हाळ्यात हातभर वर होतं आणि मेपर्यंत गोडं राहिलं. आळीत लोक म्हणाले, नळ्यांची करामत. धाकट्यालाच शाबासकी मिळाली.

केळीला लोंगर, म्हणजे केळ्यांचे घड, आले. त्याचे भरदार, माझे जरासे आखूड, पण विकायला काही कमी नाही. शेवटच्या भेटीला पाहुण्या बाई आल्या, प्राध्यापक आले, आळीतले दहा-बारा जण विहिरीभोवती जमले. प्राध्यापकांनी दोन्ही वाड्यांचे दुसऱ्या वर्षाचे आकडे वाचून दाखवले. फरक होता, पण नावापुरता. बाईंनी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला, आणि धाकट्याकडे न वळता सरळ माझ्याकडे आल्या. माझ्यासमोर उभ्या राहून त्यांनी हळूहळू काहीतरी विचारलं. त्यांचे डोळे माझ्यावरच होते. दोन वर्षांत पहिल्यांदा सगळी आळी माझ्याकडे बघत होती.

धाकट्यानं मराठीत सांगितलं. "त्या विचारतात, पहिल्या वर्षी तुमचं पाणी जास्त होतं, या वर्षी एवढं कमी कसं झालं. तुम्ही काही वेगळं केलंत का? केलं असेल तर त्यांना ते बघायचंय. शिकायचंय, असं म्हणतात. तुमच्या पाण्याच्या कामाचे फोटो त्यांनी तिकडे विद्यार्थ्यांना दाखवलेत, असंही म्हणतात."

हे मला हवं होतं. दोन वर्षं मी याच प्रश्नासाठी जळत होतो. जरा वाकायचं होतं, पानं बाजूला सारायची होती, एक सोडण उपसून त्या बाईंच्या हातात पिळून दाखवायचं होतं. पण मग पुढचा प्रश्न येणार. कधी केलंत? कशासाठी? काही बदलायचं नाही सांगितलं होतं ना? आणि हे सगळं धाकटा भाषांतर करणार, अख्ख्या आळीसमोर. माझ्या तोंडावर ते लिहिलेलं दिसणार, की भावाला नळ्या मिळाल्या म्हणून याच्या पोटात दुखत होतं.

मी म्हटलं, "वेगळं काही नाही. पहिल्या वर्षी पाऊस कमी होता म्हणून जास्त लागलं. एरवी आम्ही बापजाद्यांपासून एवढंच देतो."

आणि मी धाकट्याकडे पाहिलं. त्याच्या मागे चार पावलांवर माझी पहिली रांग होती. एका झाडाशी पाखरांनी पानं उकरली होती आणि तिथून सोडणाचा काथ्या बाहेर डोकावत होता. त्यानं तो पाहिलेला होता. त्या दिवशी नव्हे, फार आधीच. ते मला त्याच्या नजरेत तेव्हा दिसलं. तो थोडा थांबला. मग बाईंकडे वळून त्यानं ते इंग्रजीत सांगितलं. मला इंग्रजी येत नाही, पण त्यानं लांबवलं नाही, आवाज बदलला नाही, डोळे चुकवले नाहीत. मी जेवढं बोललो तेवढंच.

बाईंनी मान हलवली. त्यांचा चेहरा किंचित उतरल्यासारखा वाटला. प्राध्यापक म्हणाले, "म्हणजे इथल्या पद्धतीत मुळातच पाणी कमी लागतं. छान आहे, उलट कौतुकाची गोष्ट आहे." तसंच त्यांनी लिहिलं असणार. पुढचा टप्पा घाटावरच्या एका तालुक्याला गेला. आमच्या आळीला पाण्याची काटकसर आधीच येते, असं ठरलं. तीच आळी, जिथं सकाळी लावलेली मोटर दुपारी आठवण झाली की बंद करायचे.

नळ्यांचे सुटे भाग पुढे मिळेनात. तीन-चार वर्षांत त्या ठिसूळ झाल्या. मी सोडणं भरत राहिलो, पण एका वाडीनं विहीर वाचत नाही, चहूबाजूंनी उपसा चालूच होता. लोकांना सांगायचं म्हटलं तर काय सांगणार? मीच तर सगळ्यांसमोर म्हटलं होतं की वेगळं काही केलं नाही. एका हिवाळ्यात, अजून थंडी होती, तेव्हाच पाणी मचूळ लागलं. पुढच्या वर्षी ते पिता येईना. त्याच्या पुढच्या वर्षी केळी गेली, आधी त्याची, मग माझी. धाकट्यानं गोखिवऱ्याला एका कारखान्यात गोदाम सांभाळायची नोकरी धरली आणि तिकडेच एक खोली घेऊन राहायला गेला. सामान टेंपोत चढवायला मी मदत केली. त्याची बायको माझ्या बायकोच्या गळ्यात पडून रडली.

बरीच वर्षं मी काही बोललो नाही. मग एकदा त्याच्याकडे गेलो होतो, तो कामावरून आला होता, कपड्यांना ग्रीसचा वास होता, बायको चहा टाकत होती. मी विचारलं, "तुला माहीत होतं ना? सोडणांचं?"

"पहिल्या हातगाडीपासून," तो म्हणाला.

"मग त्या बाईला का नाही सांगितलंस? तुझं सगळं त्यावर होतं. एका वाक्याचं काम होतं."

तो टॉवेलनं हात पुसत होता. "दादा, तू समोर उभा होतास. मोठा भाऊ. तुझ्यासमोर त्या परक्या बाईला काय सांगणार होतो, माझा दादा खोटं बोलतोय म्हणून?" मग म्हणाला, "मला वाटलं होतं, तूच सांगशील. तू पाणी ओळखणारा माणूस. मी जरा थांबलोसुद्धा होतो."

चहा आला. तो प्यालो आणि निघालो.

नळ्यांचा, फोटोचा, त्या हाराचा हेवा तर केव्हाच विझला होता. त्या दिवशी गोखिवऱ्याच्या रस्त्यानं चालताना मला त्याचा पुन्हा हेवा वाटला, पहिल्यापेक्षा जास्त. हातातलं सगळं जात असताना तो तसा शांत उभा राहू शकला म्हणून. कारण त्याच्या जागी मी असतो आणि खोटं तो बोलला असता, तर मी सांगितलं असतं. तिथल्या तिथं, सगळ्या आळीसमोर, बोट दाखवून.